मान न वळवता

१२ ऑगस्ट, सोमवार

नाही म्हणजे नाही! मी बास्केटबॉलमध्ये विंगला, म्हणजे कडेला, खेळणार नाही. पॉइंट गार्ड म्हणजे पॉइंट गार्ड.

आज उदयसिंह सरांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "दानेश्वरी, तुझी उंची एवढीशी आणि आवाज त्याहून बारीक. पॉइंट गार्ड म्हणजे टीमचं तोंड. तिनं खेळ ठरवायचा आणि ओरडून सगळ्यांना सांगायचा. तू ओरडलीस तर माझ्या शेजारी बसलेल्यालाही कळत नाही." सगळ्या हसल्या. शिवानी जरा जास्तच हसली, कारण माझ्या जागी आता तिला उभं करणार. विभागीय स्पर्धेपर्यंत सुधारलीस तर बघू, म्हणाले. म्हणजे जेमतेम दीड महिना.

आवाज काय बाजारातून आणू? मी वाढले अप्पांच्या कारखान्यात. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत आमचे टॉवेलचे माग आहेत. ते चालू असताना कानाशी येऊन ओरडलं तरी काही कळत नाही. म्हणून तिथं कोणी ओरडतच नाही. समोरच्याची नजर पकडायची आणि हाताने सांगायचं. धागा तुटला, सुताची कांडी संपली, चहा आला, सगळं हाताने. आई, म्हणजे आमची अव्वा, तर अप्पांशी भांडतेही हातानेच!

१४ ऑगस्ट, बुधवार

अप्पा – "मॅच झाली व्हय? किती पॉइंट केलीस?"

दोन, म्हटलं. पण आमच्या टीममधल्या उत्कर्षाला किती वेळा मोकळ्या जागी बॉल दिला!

"ते कोण मोजतंय?"

कोणी मोजत नाही. पेपरातही छापून येत नाही. म्हणून द्यायचा नाही का?

१८ ऑगस्ट, रविवार

आजचा दिवस वाईट. सरावाच्या मॅचमध्ये माझे पास एकामागून एक मध्येच पळवले. पळवणारी मुलगी माझ्यापेक्षा काही फार चपळ नव्हती. शेवटी सरांनी शिट्टी मारली. म्हणाले, "अगं, तू बॉल कोणाला देणार हे बाहेर बसलेल्या भेळवाल्यालासुद्धा कळतंय. आधी तिच्या डोळ्यांत बघतेस, मग देतेस."

मी वाद घातला. असं काही नाही, म्हटलं. मग उत्कर्षाने मोबाईलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. काय बोलणार! प्रत्येक वेळी मी मान वळवते, तिनं माझ्याकडे बघेपर्यंत थांबते, आणि मगच बॉल सोडते. समोरची पोरगी बॉलकडे बघतच नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती.

ही कारखान्याची सवय! नजर मिळाल्याशिवाय काही सांगायचंच नाही, नाहीतर सांगितलेलं वाया. लहानपणापासून हेच केलं. आणि मी वर सगळ्यांना ऐटीत सांगत होते की मी टीमकडे बघून खेळते!

रडले. पण रागाने रडले, दुःखाने नाही. उत्कर्षा शेजारी येऊन बसली. ही माढ्याची, घरचा ऊस, इथं हॉस्टेलला राहते. उंची अशी की दारातून वाकून यावं लागतं. म्हणाली, "लई रडू नगंस. तू बगतीस म्हणून तर मला कळतंय बॉल येनार हाय. न्हायतर तुजा बॉल सरळ नाकावर बसतोय की गं!"

म्हणजे पंचाईत दोन्हीकडून. बघितलं तर शत्रूला कळतं, नाही बघितलं तर उत्कर्षाचं नाक जातं.

१९ ऑगस्ट

मान वळवायची नाही. डोळे तिसरीकडेच ठेवायचे. आणि सांगायचं – हाताने! हे मला कालच कसं सुचलं नाही?

२५ ऑगस्ट, रविवार

उत्कर्षाला कारखान्यात आणलं. आत पाऊल टाकताच तिने दोन्ही कान दाबले. मी तिला चार खुणा शिकवल्या. मांडीजवळ दोन बोटं खाली, म्हणजे बास्केटकडे पळ. तळवा मागे, म्हणजे तिथंच थांब. आणखी दोन. हात कमरेच्या वर न्यायचाच नाही. तिनं माझ्या हातावर लक्ष ठेवायचं, मी वाटेल तिकडे बघेन.

मग माझी परीक्षा. दोन मागांमधल्या वाटेने नाकासमोर बघत चालायचं. (बॉल न घेता. बॉल आत नेला असता तर अप्पांनी बॉलचे आणि माझे एकदमच तुकडे केले असते.) बाजूने अव्वा हाताने काहीतरी विचारणार आणि मी मान न वळवता हातानेच उत्तर द्यायचं. अव्वाला वाटलं मी रुसले. मशीन बंद झाल्यावर कानडीत सुरू, "नोडु, नोडु! बघा की, आईकडे बघायचंबी बंद केलं हिनं!" मग समजावून सांगितल्यावर मात्र तिला खेळच सापडला. मुद्दाम पाठीमागून खुणा करत बसली. पाठीला डोळे असतात का, अव्वा?

पण डोळ्याच्या कोपऱ्यातनं दिसतं! आधी नुसती हालचाल दिसते, मग हात दिसतो, मग बोटं. मला वाटायचं चांगल्या पॉइंट गार्डला जन्मतःच सगळं दिसत असेल. तसं काही नसतं. रोज थोडं थोडं बाजूचं दिसायला लागतं.

५ सप्टेंबर, गुरुवार

शिक्षक दिन. सरांना गुलाब दिला, पाया पडले. सर म्हणाले, "आशीर्वाद आहे. पण ते हातवारे बंद कर. देवाने तोंड दिलंय."

मी म्हटलं, "सर, हातही दिलेत."

परिणाम – विभागीयला मी बाकावर. शिवानी पॉइंट गार्ड. घ्या!

६ सप्टेंबर

माफी मागणार नाही. मी काय खोटं बोलले?

१५ सप्टेंबर, रविवार

शिवानी वाईट खेळत नाही. हे लिहायलाही जीव जातो, पण खरं आहे. धावते माझ्यापेक्षा जोरात, ओरडते तर काय! पण बॉल हातात आला की तिला आधी बास्केट दिसते. मला आधी माणसं दिसतात. सरांना हा फरक दिसत नाही म्हणून तो नाही, असं होत नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार

घाईत अक्षर बघवत नाही. तरी आजच लिहिणार.

विभागीय फायनल, आपल्याच सोलापुरात, समोर पुण्याच्या पोरी. आपल्या शाळेची पोरं हलग्या घेऊन आली होती. हॉलला वर पत्रा, आत पाच-सहा हलग्या! मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. शिवानी बिचारी नरड्याच्या शिरा ताणून ओरडत होती, "उत्कर्षा, आत! आत!" उत्कर्षा तिसरीकडेच पळत होती. एक अक्षर कोणाला ऐकू जात नव्हतं. सर बाकावरून ओरडले, हलगीवाल्यांवरही ओरडले. त्यांना वाटलं सर जोर चढवतायत, त्यांनी आणखी बडवलं.

आपण चौदाने मागे. सरांनी माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलले, मला ऐकू आलं नाही. मग त्यांनी हात हलवून सांगितलं – ऊठ, आत जा.

हाताने! मला हसूच आलं.

आत गेले. डोळे शिवानीवर, बोटं मांडीजवळ खाली, बॉल उत्कर्षाच्या हातात. बास्केट! पुन्हा डोळे सरांच्या बाकावर, बॉल मागे शिवानीकडे. माझ्या समोरची पोरगी माझ्या तोंडाकडे बघून बघून थकली. बघ, किती बघायचं ते बघ! शेवटी शेवटी तर शिवानीनेही माझ्या हाताकडे बघायला सुरुवात केली. तिला कोणी शिकवलंही नव्हतं.

तीन पॉइंटने हरलो. अजून थोडा वेळ मिळाला असता तर जिंकलो असतो. हे मी रडत नाही लिहीत, सांगून ठेवते. मला आधी उतरवायला हवं होतं!

अप्पा आले होते. कारखाना सोडून पहिल्यांदाच.  घरी येईपर्यंत मी वाट बघत होते, आता विचारतील किती पॉइंट केलीस. मी एकही केला नव्हता. गाडी लावताना म्हणाले, "त्या माढ्याच्या पोरीला बॉल कुठनं येत होता, बघितलं की मी."

२७ सप्टेंबर, शुक्रवार

पुण्याला राज्य संघाचं शिबिर आहे. आपल्या टीममधून एकटी उत्कर्षा निवडली. मी नाही.

सर म्हणाले, "निवडणाऱ्यांना तिचे पॉइंट दिसले गं." त्यांचा चेहरा पडला होता. त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला होता म्हणे. उत्तर आलं – उंची?

तिचे पॉइंट माझ्या हातातून गेले! हे मी कोणाला जाऊन सांगू? सांगणारच नाही. भीक मागितल्यासारखं दिसतं.

२ ऑक्टोबर

उत्कर्षाला एसटी स्टँडवर सोडून आले. ती रडली, मी नाही. खिडकीतून तिनं हाताने केलं – तिथंच थांब. मी मुद्दाम मान दुसरीकडे वळवली. तरी दिसलं. आता सगळंच दिसतं, काय करू!

संध्याकाळी पुन्हा कारखान्यात चालले, नाकासमोर बघत. अव्वा म्हणाली, आता कशाला? कानडीत ‘साकु’, वर मराठीत ‘पुरे कर’. मी म्हटलं, शिबिरासाठी करत नव्हते. मला पॉइंट गार्ड व्हायचंय म्हणून करत होते. ते अजून व्हायचंय.

९ ऑक्टोबर, बुधवार

उत्कर्षाचा फोन. "हितं मला बॉलच येईना गं! समद्या उंच हायत, समद्या आपापलाच मारत्यात. आठ दिवसांत माजं काय बी झालं न्हाय. आज हितल्या मोठ्या सरांनी इचारलं, तिकडं तुला बॉल कोण देत हुतं?"

मी म्हटलं, त्यांना सांग, उंची पाच फूट एक. आवाज नाही. चालत असेल तर बोलवा.

ती म्हणाली, थांब, शेजारीच हायत. मग कुजबुज. मग उत्कर्षा –

"चालतंय म्हनत्यात. उद्या ये."