बाईंचा गुडघा

गुरुवार, संध्याकाळ

आज दुसरीला ‘आवाज ओळखा’ खेळ घेतला. पोरांनी डोळे मिटले. मी डब्यात चिंचोके खुळखुळवले, कागद फाडला. सगळं बरोबर ओळखलं. मग पडलेला खडू उचलायला मी वाकले. कट्ट! अख्खा वर्ग ओरडला, “बाईंचा गुडघा!”

अन् नेमक्या दारात मुख्याध्यापिका! सहलीला दौलताबादच्या किल्ल्यावर पोरांना मीच चढवते, असं त्यांना कालच छातीठोकपणे सांगितलं होतं. एवढ्या जोरात वाजतो का मेला हा गुडघा? सहलीतून नाव काढून घ्यावं, असंच ठरवत होते. तेवढ्यात शाळा सुटताना आयेशा पदर ओढून म्हणाली, “बाई, किल्ल्याच्या भुयारात लई अंधार असतो म्हणं. तुम्ही पुढं चला. आम्ही गुडघ्याच्या आवाजावर मागं येतो.”