व्याह्यांची मिशी

व्याही दगडूराव, केदारखेडा, यांस मच्छिंद्राचा रामराम.

माझ्या साळूनं ग्रहणात भाजी चिरली म्हणून लेकराचा ओठ फाटला, असं म्हणत तुम्ही दोघांना माझ्याकडं जालन्याला धाडलं. इथं मडम डॉक्टरनं ओठ शिवला. म्हणाली, "इतक्या लवकर शिवलं की कधीकधी वरचा जबडा मागं राहतो. खालचे दात पुढं दिसतात. टाळूही फाटली असेल तर बोलताना नाकातून वारा जातो."

मला लगीच तुमचं खालचे दात पुढं काढून भाकरी चावणं आठवलं. बोलताना तुमच्या नाकातून वारा जातो, तेबी माझ्या कानानं टिपलंय. तुमचे वडील वारले तेव्हा साऱ्या भावांनी मिशा उतरवल्या, तुम्ही न्हाई. मिशीखाली कुणी शिवलंय का हो?

ही चिठ्ठी धाडत न्हाई. साळूला तुमच्याच घरी नांदायचंय. तोंडी निरोप तेवढा धाडतो: सुनेला, नातवाला न्यायला या. मिशीला ताव देतच या.

तुमचा,
मच्छिंद्र