कापलेल्या कार्डावरचा बिंगो

ग्लेनिस,
बँकेचं पाकीट चुकून मी फोडलं आणि जिन्यावरच बसलो बघ. जुन्या कार्डाची उधारी आपण नव्या कार्डावर नेली, जुनं तू माझ्यासमोर कात्रीनं कापलंस, मी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मला वाटलं, संपलं! अगं, कार्ड कापलं तरी खातं चालूच राहतंय. तुझ्या फोनवरच्या त्या पैसे लावायच्या बिंगोत जुन्या कार्डाचा नंबर तसाच आहे, आणि नऊशे पौंड परत चढलेत.

ओरडणार नाही. खातं तुझ्या नावावर, बंद करायला बँकेला फोन तुलाच करावा लागणार. कुत्र्याला कालव्यावर फिरवून येतो, शेजारी बसतो, मग लाव. त्याआधी नको. एकटी असलीस की रडशील, आणि चालूच ठेवशील.

रेग