डावऱ्या जीपची उजवी सीट

प्रिय अण्णा,

परवा लेकीच्या, नीलूच्या, गाडीतून बदलापूरला निघाले होते. मी मागे, तिच्या पाठीमागच्या खिडकीशी. शिवमंदिराच्या वळणापुढे विटांचा एक ट्रक रखडत चालला होता. नीलू हॉर्न वाजवून वैतागली, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मोकळा!"

"काय मोकळा, आई?" तिने विचारलं. घरी आले आणि लिहायला बसले. तुम्हांला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे, अण्णा. तुम्ही गेलात तेव्हाही राहूनच गेली.

आठवते ना आपली जीप? महायुद्ध संपल्यावर गावाशेजारच्या कॅम्पातल्या लष्करी गाड्या विक्रीला निघाल्या, त्यातली. स्टीअरिंग डावीकडे! सगळं मोरिवली गाव हसलं. "गाडी घेतली, तीपण डावरी!" तुम्ही मात्र रॉकेलच्या चिंधीने तिचा एकेक नट पुसत राहिलात. डावीकडे बसून पुढच्या गाडीपलीकडचं दिसायचं नाही, म्हणून उजव्या सीटवर मी. पुढे बैलगाडी आली की तुम्ही विचारायचात, "सुमे, काय दिसतंय?" मी मान बाहेर काढून म्हणायचे "मोकळा", नाहीतर "थांबा". माझ्या एका शब्दावर तुम्ही गाडी बाहेर काढायचात. दुसऱ्या कुणी माझ्यावर इतका विश्वास टाकला असेल का?

आई जाऊन वर्ष झालं होतं. सुमीला पाचगणीला सिस्टरांच्या बोर्डिंग शाळेत घाला, एवढंच ती मागून गेली होती. पाचगणीहून पत्र आलं: अमुक दिवशी संध्याकाळी सहाच्या आत मुलीला आणा, नाहीतर जागा दुसरीला देऊ. तुम्ही ते पत्र खिशात घालून गावभर फिरलात. मी अकरा वर्षांची. मला तुमच्याजवळ राहायचं होतं, बस्स! पण विचारलं कोणी?

भल्या पहाटे निघालो. कॅम्पात आता सिंधी निर्वासित राहत होते, त्यांतल्या देवीबाई शाल गुंडाळून रस्त्यापर्यंत आल्या होत्या. कांदा-मिरची घातलेल्या जाड सिंधी रोट्यांचं, कोकींचं, गरम पुडकं माझ्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "बेटी, रस्ते में खाना. और बाप को भी खिलाना, ये तो भूल जाएगा." स्वतःचं घर सिंधमध्ये टाकून आलेली बाई. मला जवळ घेऊन रडली ती एकटीच. तुम्ही टायर तपासत होता. कितीदा तपासलेत हो ते टायर?

वांगणीपर्यंतचा रस्ता ओळखीचा होता. घाटात जीप तापली. बॉनेट उघडून आपण तिला पाणी पाजलं. पुणं मागे पडलं आणि सगळंच परकं झालं. आपल्याकडे भात कापून शेतं ओकीबोकी झालेली, तिथे माणसाहून उंच ज्वारी! डोंगरसुद्धा वरून कापल्यासारखे सपाट. तुम्हीही तो मुलूख कधी पाहिला नव्हता. कुणालाही विचारलं, "पाचगणी?" की उत्तर एकच, "लांब हाय." ते ऐकून मला किती बरं वाटायचं!

वाईच्या अलीकडे उसाच्या गाड्यांची रांग लागली. ऊन कलायला लागलं होतं. तुम्ही विचारलंत, "काय दिसतंय?"

रस्ता लांबवर रिकामा होता, अण्णा. मी म्हटलं, "थांबा. मोटार येतेय."

थोड्या वेळाने पुन्हा विचारलंत. "थांबा. आता लॉरी येतेय." मग आणखी एकदा. सहा वाजून जाऊ देत, जागा जाऊ दे, म्हणजे तुम्ही मला परत न्याल, एवढंच माझ्या डोक्यात. आईचं म्हणणं, तुमची दगदग, काही काही आठवलं नाही.

शेवटच्या गाडीवरचा म्हातारा मागे वळून ओरडला, "अवो पावनं, जावा की फुडं! समदा रस्ता रिकामा पडलाय!"

तुम्ही हसून ओरडलात, "आमचे साहेब सोडत नाहीत अजून!"

म्हणजे कळलं होतं तुम्हांला. इतक्या वेळात समोरून ना मोटार आली होती ना लॉरी. रागावला का नाहीत? एक चापट मारली असती तरी मी मोकळी झाले असते! तुम्ही जीप कडेला घेतलीत. एक कोकी मोडून मोठा तुकडा मला दिलात. गाड्या पुढे कुरकुरत जात राहिल्या. मग पुन्हा त्यांच्या मागे येऊन, माझ्याकडे न बघता म्हणालात, "आता नीट बघून सांग, सुमे. तू सांगशील तसंच करीन. परत म्हणालीस तर परत."

एवढ्याशा पोरीवर का टाकलंत हे? अजून राग येतो मला. मी मान बाहेर काढली. डोळ्यांत पाणी, पण रस्ता दिसत होता. "मोकळा आहे, अण्णा," मी म्हटलं.

सहाला थोडा वेळ असताना फाटकाशी पोचलो.

शाळेत ख्रिस्ती मैत्रिणी कन्फेशनला, फादरांपुढे चुका कबूल करायला, जायच्या, आम्हा हिंदू मुलींना ते नसे. मला त्यांचा फार हेवा वाटायचा. तीन वेळा खोटं बोलले, हे मीही कुणाला तरी सांगितलं असतं.

आठवड्याने तुमचं कार्ड आलं, ऑइलच्या बोटांचे ठसे उमटलेलं. "सुखरूप पोचलो. यायला दोन दिवस लागले. एकाही गाडीच्या पुढे गेलो नाही." बस्स, एवढंच. ते सिस्टरांना वाचून दाखवताना मी हसले होते. परतीला उजवी सीट रिकामी होती म्हणून, हे मला पुष्कळ वर्षांनी समजलं. प्रत्येक बैलगाडीमागे तुम्ही कुणाला विचारलं असेल?

पुढच्या महिन्यात नीलूला पाचगणीला न्यायला सांगितलं आहे. शाळा बघायला नाही. फाटकापासून गाडी वळवायची आणि मोरिवलीपर्यंत यायचं. तेवढा परतीचा रस्ता तुमच्याबरोबर करायचा राहिला आहे, तो करीन. उजव्या खिडकीशी बसेन, झोपणार नाही, आणि जे दिसेल तेच सांगेन. तुम्ही फक्त विचारत राहा.

तुमची,
सुमी