जांभळ्या मक्याच्या निबंधावरचं नाव

६ मे

आज आई थेट प्रयोगशाळेत! आमच्या वांता गावाहून सकाळच्या गाडीने आली – पाठीवर कापडात बांधलेली तिच्या शेतातली मक्याची कणसं, जांभळी-काळीभोर. "तुझ्या यंत्राला खायला आणलंय," म्हणे.

मी मक्याचा रंग काढत होते – तासभर उकळून, नेहमीसारखा. आई भांड्यात डोकावली आणि कपाळावर हात मारला. "अगं देल्फिना, एवढी शिकलीस आणि रंग जाळतेस?" तिची रीत – पाण्यात आधी लिंबू, मग दाणे काढलेली कणसं, आणि उकळी फुटायच्या आत झाकण घालून खाली. विद्यार्थी खुदखुदत होते. मी लाजले. थोडी चिडलेही.

७ मे

तिच्या रीतीने करून पाहतेय. तिला खोटं पाडायला, दुसरं काय!

९ मे

तीनदा मोजलं. तीनदा आईच वर! रंगद्रव्य जवळजवळ दुप्पट, अँटिऑक्सिडंटचा जोरही तसाच. शिवाय तिचा मकाही वेगळा – इतर गावांच्या कणसांत एवढा रंग मुळातच नाही. एकोणीस वर्षं मी हा रंग टिकवायची युक्ती शोधतेय, आणि लहानपणी आईच्या मक्याच्या सरबतातून रोज तीच पेलाभर पीत होते. ओठ जांभळे करून शाळेत जायचे मी.

२१ मे

शोधनिबंध तयार. माझ्या नावाशेजारी आईचं – एर्मेलिंदा. विभागप्रमुख पालोमिनो सर हसले. "आईचे आभार तळटीपेत माना, बाई. त्यांना वाचता तरी येतं का?"

"नाही येत. पण तिचं नाव नसेल, तर माझंही काढा."

कुठून आलं हे धाडस! याच निबंधावर माझी बढती अडलीय. बाहेर येऊन पायरीवर बसले.

२६ मे

सर नमले! चिडून का होईना, सही केली. जाताना दारातून वळून म्हणाले – "ते सरबत उरलंय का?"

२ जून

वांता. आईला निबंध आमच्या क्वेचुआ भाषेत सांगितला. शेवटी तिचं नाव वाचून दाखवलं.

"माझं नाव खोड. बासिलियाचं घाल. मका तिचा, रीतही तिचीच."

"कोण बासिलिया?"

"माझी मैत्रीण. तुला जन्म देणारी." माझ्या केसांवरून हात फिरवत राहिली. "जाताना बियाणं आणि तू – दोन्ही माझ्या ओटीत टाकून गेली."

मी खोडलं काहीच नाही. शेजारी दुसरं नाव लिहिलं.