कलमांवरची मच्छरदाणी

पावस, ८ सप्टेंबर

चि. सौ. आर्या हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू सगळ्याला 'हो बाबा' म्हणतेस आणि शेवटी सलिलरावांचंच ऐकतेस, म्हणून हे पत्र. तिकडे पोफळीला तुमच्या घरी बसून दोघांनी नीट वाचा. बाळंतपणाला इकडेच यायचं. गेल्या पावसाळ्यात माहेरपणाला आलीस, मलेरियाने पडलीस आणि चौथ्या महिन्यात सगळं गेलं. ते मनातून जात नाही गं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

यंदा डासाची काय बिशाद! आंब्यावरच्या तुडतुड्यांसाठी आणलेलं औषध उरलं होतं, ते पंपाने तुझ्या खोलीत मारलं. भिंती, छप्पर, पलंगाखालीसुद्धा. औषध नीट बसावं म्हणून दारं-खिडक्या लावून घेतल्यात. आरोग्यकेंद्रातली बाई मच्छरदाणी लावा म्हणून सांगत होती. तुझ्या आईने शिवलेली होती, पण ती मी नव्या कलमांवर पसरलीय. आई गेल्यापासून कोंबड्यांना धाकच उरला नाही, सगळे वाफे उकरतात.

उकडे तांदूळ भरून ठेवलेत. लवकर ये.

तुझी वाट पाहणारा,
बाबा

चिपळूण, २७ सप्टेंबर

ती. श्यामदादास वासंतीचा शि. सा. नमस्कार.

आर्या आता माझ्याकडे आहे, काळजी करू नकोस. त्या खोलीत दोन रात्री काढल्या आणि श्वास कोंडला, उलट्या थांबेनात. सलिलराव तिला पावसहून इकडे घेऊन आले. डॉक्टरांना बाटली दाखवली, तर त्यांनी कपाळाला हात लावला. हे बागेत मारायचं, माणूस निजतो तिथे नाही, असं म्हणाले. गरोदरपणात मलेरियाची भीती खरी आहे, हेही म्हणाले. पण त्यासाठी मच्छरदाणी होती, साठलेलं पाणी काढून टाकता आलं असतं.

दादा, तू लहानपणी खोकल्याची अख्खी बाटली एकदम प्यायला होतास, लवकर बरं वाटावं म्हणून. आई तेव्हा किती रडली होती! तुझी माया तशीच आहे बघ, मापच नाही तिला. इतक्यात इकडे येऊ नकोस. तुझे कपडे हुंगले तरी तिला मळमळेल, असं तीच म्हणते. मला वाईट वाटतं लिहिताना.

तुझी धाकटी,
वासंती

चिपळूण, २५ ऑक्टोबर

ती. बाबांस शि. सा. नमस्कार.

मुलगी झाली हे आत्याने कळवलंच आहे. दिवस भरण्याआधी आली, फार लहान आहे. काचेच्या पेटीतून काल बाहेर काढली. औषधामुळेच असं झालं का, हे डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत. ती आता दूध ओढते.

रागावले नाही असं लिहायला घेतलं होतं, पण ते खोटं झालं असतं. तुम्ही माझ्यासाठीच केलंत हे कळतं, म्हणून जास्त रडू येतं. बारसं इथेच करू. त्या खोलीत तिला मी आणणार नाही, बाबा. इथे नदीकाठी डास खूप आहेत. आईची मच्छरदाणी तेवढी पाठवाल? तिच्या आजीचं काहीतरी तिच्या अंगावर असावं.

तुमची,
आर्या

पावस, ३१ ऑक्टोबर

चि. सौ. आर्या हिस आणि नातीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आल्याबरोबर मच्छरदाणी काढली. तीन पाण्यांतून धुतली, फाटलं होतं तिथे टाके घातले. आईसारखे नाही जमले. पार्सल बांधायला बसलो आणि हात थांबले. तिच्याखालच्या कलमांवर मी तेच औषध फवारत होतो, तिच्यावरूनच. नाकाशी धरली. आता वास येत नाही, पण माझा माझ्या नाकावर विश्वास उरला नाही.

म्हणून बाजारातून नवी आणलीय, ती पाठवतोय. धुऊन वापर. आईची इथेच ठेवलीय, दोरीवर. नातीला तुझ्या आईचं एवढंही मी देऊ शकलो नाही.

जमेल तेव्हा लोभ करावा,
तुझा बाबा