माझ्या नावाचा केक

१२ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
ठकीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला तो केकच्या प्रदर्शनामुळे. चष्म्याच्या दुकानातून सहाला सुटायचं, स्वयंपाक उरकायचा, ओटा पुसायचा आणि क्रीम फेटायला घ्यायचं, असं महिनाभर चाललं होतं. हे म्हणतात की हल्ली भाजीलाही व्हॅनिलाचा वास येतो.

तू विचारलं होतंस की आठ महिने दर शनिवारी केकच्या क्लासला जाऊन मी शिकते तरी काय. अगं, केक भाजणं हा सोपा भाग. खरी परीक्षा पुढे. केक पूर्ण गार झाला की क्रीमचा एक पातळ हात द्यायचा आणि फ्रिजमध्ये ठेवायचा, म्हणजे चुरा जागच्या जागी बसतो. मग जाड हात. क्रीम सपाट करायची पट्टी स्थिर धरायची आणि केकखालचा पाट फिरवायचा. मी दोन महिने पट्टीच फिरवत होते. फुलं करतात ती चपट्या डोक्याच्या मोठ्या खिळ्यावर. डाव्या हातात खिळा फिरवत राहायचा आणि उजव्या हातातल्या क्रीमच्या पिशवीतून एकेक पाकळी सोडायची. दिवसभर चष्म्याचे मोहरीएवढे स्क्रू बसवणारी मी, पण पिशवी हातात आली की मनगट थरथरतं. माझ्या गुलाबाला आमच्या बाई कोबी म्हणतात.

शेजारच्या टेबलावर रफूताई असतात. लाँड्रीच्या मागच्या खोलीत बसून त्या कपड्यांना रफू करतात, म्हणून आम्ही त्यांना तसं म्हणतो. फार चांगला हात आहे. मलाही दाखवतात अधूनमधून.

बरं, बातमी अशी की प्रदर्शनात मला पहिलं बक्षीस मिळालं. एका मोठ्या हॉटेलातले केकचे कारागीर परीक्षक होते. निळी फीत मिळाली. फोटो सोबत पाठवते आहे. आईला दाखव, पण फार गाजावाजा नको करूस.

भावोजींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे, एवढंच मागणं.

तुझी,
ठकी


२० फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

गाजावाजा नको म्हणालीस, पण पत्र वाचून होईपर्यंत आईने फोटो शेजारी नेलासुद्धा. भिंग घेऊन तिने गुलाब मोजले, एकोणीस भरले. दूधवाल्यापासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत आता सगळ्यांना ठाऊक आहे. तुझे भावोजी कधी खिळा ठोकत नाहीत, त्यांनी फोटोला चौकट करून आणली आणि जेवणाच्या टेबलासमोर लावली.

आई काल म्हणाली की शाळेत असताना सगळी बक्षिसं मोठीनेच आणली, धाकटीच्या वाट्याला उशिरा आलं, पण काय देखणं आलं. मला जरा लागलं, पण आनंदही झाला.

आता काम ऐक. अठरा एप्रिलला आईला ऐंशी पूर्ण होतात. साठेक माणसं येतील. केक तूच करायचास, आणि असाच. आईने तसं सगळ्यांना सांगून टाकलं आहे.

एक मात्र कळलं नाही. पोहण्याच्या शर्यतीत तिसरी आलीस तेव्हा आठवडाभर खांद्यावर टॉवेल टाकून फिरत होतीस. आणि आता पहिलं बक्षीस चार ओळींत गुंडाळलंस. बरी आहेस ना?

जावईबापूंना आशीर्वाद. मोठ्या बहिणीचा धाक नको, लोभ तेवढा धर.

तुझी,
ताई


२ मार्च

ती. सौ. ताईस,
ठकीचा सा. न. वि. वि.

हे पत्र आईसमोर उघडू नकोस. एकटी असताना वाच.

तो केक माझा नाही. रफूताईंचा आहे. चार दिवस कागद फाडते आहे, शेवटी सरळच लिहिते.

प्रदर्शन वाचनालयाच्या वरच्या सभागृहात होतं. प्रत्येक केकपुढे नावाची चिठ्ठी. माझा सात नंबर, रफूताईंचा आठ. माझा केक नीट गार न होताच मी त्यावर क्रीम लावलं होतं. दुपारपर्यंत खिडकीतलं ऊन आलं आणि वरचा थर कलला, फुलं एका बाजूने घसरून खाली आली. रफूताईंना अर्ध्या दिवसाचीच सुट्टी होती, त्या केक ठेवून एकच्या आत कामावर परत गेल्या. नंतर उन्हातून टेबलं आत सरकवली. चारजणींनी केक उचलले, चिठ्ठ्या मागाहून ठेवल्या, आणि सात-आठची अदलाबदल झाली. मी तेव्हा हात धुवायला गेले होते.

परत येते तर परीक्षक रफूताईंच्या केकपुढे उभे, आणि हातात माझ्या नावाची चिठ्ठी. त्यांनी नाव मोठ्याने वाचलं. मी चूक सांगायलाच पुढे गेले होते, यावर विश्वास ठेव. त्यांनी विचारलं की किती महिने शिकता आहात. मी म्हटलं, आठ. ते खरं होतं, ताई. पहिला शब्द खोटा नव्हता, म्हणून पुढचे सहज निघाले. पाकळीची कड इतकी पातळ कशी आली, असं त्यांनी विचारलं. क्रीमच्या पिशवीच्या नोझलचं टोक चिमट्याने किंचित दाबायचं, हे मला रफूताईंनी सांगितलं होतं. तेच मी माझं म्हणून सांगितलं. टाळ्या पडल्या. बाई तेव्हा जिन्यात पाहुण्यांना आणायला गेल्या होत्या. नंतर त्यांनी केककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या की एकदम सुधारलीस. मी हसले.

पाचला रफूताई धापा टाकत आल्या. बाहीला दोऱ्याचे तुकडे तसेच होते. त्यांनी आपला केक बघितला, त्यावरची फीत, पुढची चिठ्ठी. मग तो कललेला केक आणि त्यापुढचं आपलं नाव. मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून पर्समध्ये घराची किल्ली शोधायला लागले. किल्ली माझ्या हातातच होती.

रफूताईंनी कललेला केक खोक्यात घातला आणि घेऊन गेल्या. त्यांचा मी घरी आणला. ह्यांनी दोन तुकडे खाल्ले आणि उरलेला कामावर, डेपोत वाटला. मीही खाल्ला. आणि दोन दिवसांनी तुला ते पत्र लिहिलं.

त्यानंतर तीन शनिवार त्या आलेल्या नाहीत. त्यांचं रिकामं टेबल माझ्या शेजारीच आहे. क्लासच्या भिंतीवर त्या केकचा फोटो आहे आणि खाली माझं नाव आहे, त्याकडे पाठ करून उभी राहते. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. तुला सांगायचं धाडस झालं, तेही तू समोर नाहीस म्हणून.

माया राहू दे, असं आज कोणत्या तोंडाने लिहू?

ठकी


९ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

दोन दिवस पत्र लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं ते तुला वाचवलं नसतं. आजोबांनी तुला ठकी म्हटलं ते तू बाहुलीसारखी दिसायचीस म्हणून. नावाचा दुसरा अर्थ खरा करून दाखवायची काही गरज नव्हती.

चौकट उतरवली आहे. भिंतीवरची मोकळी जागा बघून आईने विचारलं, आणि मला खोटं बोलता आलं नाही. रागावू नकोस. सगळं ऐकून तिने एकच प्रश्न विचारला. त्या बाई तो पडलेला केक घरी घेऊन गेल्या, तर घरी त्यांनी तो कुणाला दाखवला?

ते तुलाही माहीत नसेल. तू तुझ्याच शरमेचा हिशेब मांडत बसली आहेस, त्या घरात काय झालं याचा विचारच केला नाहीस. तेव्हा जा आणि विचार. पत्र पाठवू नकोस, कुणाकडून निरोप धाडू नकोस. आपल्या पायांनी जा. जाण्याआधी नवऱ्याला सांग.

इथल्या लोकांचं माझ्याकडे लागलं. मी पसरवलं, मी आवरेन. दातांच्या डॉक्टरांपुढे मात्र तोंड उघडायला नको वाटेल, हे तुला कळावं म्हणून लिहिते.

आणि एक माझ्याबद्दल. माझी बक्षिसं कपाटात रांगेने मांडून मी तुला ती पुसायला लावायची. हे परवा रात्री आठवलं. त्याने तुझं वागणं बरोबर ठरत नाही, पण आठवलं म्हणून सांगितलं.

रागावले आहे. लोभ त्याखाली आहे, शोधलास तर सापडेल.

तुझी,
ताई


२५ मार्च

ती. सौ. ताईस,
ठकीचा सा. न. वि. वि.

जाऊन आले.

ह्यांना सांगितलं. ते ताटावरून उठले. मग म्हणाले की डेपोतल्या लोकांना ते स्वतः सांगतील, आणि बरोबर येऊ का. मी नको म्हटलं.

आधी लाँड्रीत गेले. मागच्या खोलीत एक दिवा खाली ओढून घेतलेला, त्याखाली रफूताई कुणाच्या तरी कोटावर वाकलेल्या. मला बघून सुई थांबली नाही. कामावर बोलता येणार नाही म्हणाल्या, आणि घरी सातनंतर असते, एवढंच सांगितलं.

दोन खोल्यांचं घर आहे. मुलगा, सून आणि लहान नात. आईच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. त्या दिवशी सगळे त्यांची वाट बघत होते. मुलगा कामावरून लवकर आला होता. प्रदर्शनाच्या दिवशी काय ते बघा, असं रफूताई महिनाभर सांगत होत्या. त्यांनी खोकं टेबलावर ठेवलं आणि नातीने झाकण उघडलं. सुनेला हसू आवरलं नाही. मुलगा समजुतीने म्हणाला की आई, पुरे झालं आता, या वयात डोळे आणखी शिणवू नकोस. तेव्हापासून त्या क्लासला येत नाहीत.

मी विचारलं की हा केक माझा नाही, असं तुम्ही घरी का नाही सांगितलंत. त्या म्हणाल्या की पडलेला केक हातात घेऊन, माझा चांगला होता पण तो दुसरीने नेला, असं सांगणाऱ्या बाईवर कोण विश्वास ठेवतं.

मग मी उभ्यानेच सगळं सांगितलं, मुलासमोर आणि सुनेसमोर. फीत आणि फोटो टेबलावर ठेवला. सूनबाई फोटो हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिली आणि रडायला लागली. मुलाने मला दार दाखवलं. माझं काही म्हणणं नव्हतं, मी निघालेच होते, पण रफूताईंनी थांबवलं. त्या शांतपणे बोलल्या, म्हणून जास्त लागलं. म्हणाल्या की तीस वर्षं त्यांना पैसे मिळतात ते त्यांचं काम कुणाला दिसू नये याचे. रफू ओळखू आला तर गिऱ्हाईक कपडा परत आणतं. लोकांनी बघावं म्हणून त्यांनी आयुष्यात एकच वस्तू केली होती.

मी क्षमा मागितली. केली असं त्या म्हणाल्या नाहीत. मी म्हटलं की क्लासमध्ये सगळ्यांना खरं सांगते आणि क्लास सोडते. त्यावर म्हणाल्या की सांगा जरूर, पण सोडू नका. तुम्ही गेलात तर लोक म्हणतील मी घालवलं. माझ्यावर तेवढं आणखी लादू नका.

शनिवारी सांगितलं. पंधराजणींसमोर, हातात काही नव्हतं, हात कुठे ठेवायचे ते कळेना. बाईंनी भिंतीवरचा फोटो काढला, माझं नाव कापलं आणि रफूताईंचं चिकटवलं. माझ्याशी त्या दिवसभर कामापुरतं बोलल्या. समोरच्या दोघींनी टेबल बदललं.

आईच्या वाढदिवसाला मी साधाच केक आणीन. वर फुलं नसतील. तिला चालेल का ते विचार.

तुझा लोभ शोधला. सापडला. जपून ठेव.

तुझी,
ठकी


१ एप्रिल

चि. ठकीस,
अ. उ. आ.

आई म्हणते, फुलं नसली तरी चालतील, पण केक सरळ उभा असू दे. म्हणजे ती हसायला लागली आहे. तेव्हा ये.

इथल्या सगळ्यांना सांगून झालं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि तोंड उघडा म्हणाले. मला इतकी शरम वाटली नव्हती कधी, आणि चूक तर माझी नव्हती. तुझं काय झालं असेल याची थोडी कल्पना आली.

गाडीत केक मांडीवर घेऊन बस. वाट बघते.

तुझी,
ताई


२८ एप्रिल

ती. सौ. ताईस,
ठकीचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. साठ माणसांपैकी एकानेही मला गुलाबांबद्दल विचारलं नाही. तू सांगून ठेवलं होतंस ते कळत होतं. सगळे इतकं सांभाळून बोलत होते की कुणी एक टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. आईने दुसरा तुकडा मागून घेतला, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच बशा विसळत राहिले.

क्लासला जाते. रफूताई परत येतात आता, पण खिडकीजवळच्या टेबलावर बसतात. नमस्कार केला तर करतात. मला जिना चढताना दर वेळी वाटतं की मागे फिरावं. फिरत नाही.

परवाच्या शनिवारी बाईंनी सगळ्यांचे गुलाब एका ट्रेमध्ये ठेवायला सांगितले. नंतर त्यातला एक उचलून विचारलं की हा कुणाचा. कड पातळ होती, मधली कळी घट्ट होती. सगळ्यांच्या माना आपोआप खिडकीकडे वळल्या. तो माझा होता, ताई. बाहेरची एक पाकळी जराशी फाटली होती, त्यावरून मी लगेच ओळखला. पण तोंड उघडेना. ही वस्तू माझी आहे, असं म्हणायची त्या खोलीत माझी आता छातीच होत नाही. बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं.

तेव्हा रफूताईंनी, हातातल्या खिळ्यावरची नजर न काढता, सांगितलं की तो त्यांचा नाही. माझा आहे. मला करताना त्यांनी बघितलं आहे.

एवढं बोलून त्यांनी खिळा फिरवला आणि पुढची पाकळी सोडली. माझ्याकडे बघितलं नाही. बाईंनी गुलाब ट्रेमध्ये ठेवला आणि बरा आहे म्हणाल्या. मी टेबलाची कड घट्ट धरून उभी राहिले.

आईला साष्टांग नमस्कार. मला जपता आहात, तशाच जपत राहा.

तुझी,
ठकी